उत्सवातील कारागीर आणि महोत्सवातील प्रात्यक्षिक : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
पोळ्याच्या सुमारास विदर्भातील बाजारगावी, मग ते उमरखेड तालुक्यातील ढाणकी असो वा अन्य कोणते, मातीचे बैल विकावयास येतात. बैल कसा घडविला, हे विक्रेत्याला सहसा कोणी विचारीत नाही. तो पूजेला लागतो, एवढे कारण घेणाऱ्याला पुरेसे असते. याउलट 'महोत्सव' वा 'हस्तकला मेळा' या नावाने भरणाऱ्या समारंभात कुंभार चाक घेऊन मंडपात बसतो आणि प्रेक्षक त्याच्या हाताची हालचाल न्याहाळतो. पहिल्या ठिकाणी वस्तूला प्रसंग असतो. दुसऱ्या ठिकाणी कृतीला प्रेक्षक असतो. या स्थित्यंतरात कलेचा कोणता अंश दिसेनासा होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रात्यक्षिकाची घडण :
कारागिराला काम करताना दाखविण्याची पद्धत भारतात विशेषतः १९८० च्या दशकात रूढ झाली. १९८५ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या लोकजीवन महोत्सवात 'मेला' या नावाने भारतीय जत्राच उभारण्यात आली होती. १९८६ मध्ये नागपूर येथे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र स्थापन झाले, तर १९८७ पासून सूरजकुंडचा मेळा भरू लागला. मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ चा. या सर्वांतून कारागिराला बाजारपेठ मिळाली, हे निर्विवाद आहे.

तथापि वारली चित्रकलेचे उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचा अधिकार सुवासिनींचा. शेणाने व गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने हा चौक काढला जातो. मध्यभागी पालघट देवी असते आणि धवलेरी लग्नगीते गाते. म्हणजे रेषा, गीत आणि विधी यांचे हे एकत्रित अस्तित्व होय. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरात कागद व रंग नेले आणि चित्र भिंतीवरून उतरले. जिव्या सोमा मशे यांनी ते विधीच्या बाहेर, रोजच्या रोज काढावयास प्रारंभ केला. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात, १९८९ मध्ये पॅरिसच्या 'मॅजिसियां द ला तेर' या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली; २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. मशे यांचे कर्तृत्व विधीच्या ऱ्हासाचे लक्षण मानणे अन्यायाचे ठरेल. कागदाने त्यांना जे स्वातंत्र्य दिले, ते चौकाने दिले नसते. पुरुष म्हणून तर नाहीच.

प्रश्न निराळा आहे. आज मेळ्यातील प्रात्यक्षिकाला पुष्कळदा पुरुष कलावंत बसलेला आढळतो. सुवासिनी क्वचित, धवलेरी त्याहून क्वचित. प्रात्यक्षिकात हात दिसतो, अधिकार दिसत नाही. त्रिकोणांनी माणूस कसा काढावा, हे प्रेक्षक पाच मिनिटांत शिकतो आणि वारली कला कळली, असे समजून पुढच्या स्टॉलकडे वळतो. (त्याच आकृत्या पुढे कपबशांवर अवतरतात, हे ओघाने आलेच.)

पिंगुळीच्या चित्रकथीबाबत ही अडचण अधिक ठळक होते. ठाकर समाजाची ही कला मुळात कथनाची. पोथीतील चित्रे एकामागून एक समोर धरीत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान सांगावयाचे असते. स्टॉलवर चित्र रंगवून दाखविले म्हणजे या कलेचे दर्शन घडले, असे म्हणता येत नाही. चित्र येथे निम्मे वाक्य आहे. परशुराम गंगावणे यांनी (पद्मश्री, २०२१) पिंगुळीत स्वतःच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले. तेथे पाहुणा कलावंताच्या अंगणात येतो आणि आख्यानाला किती वेळ द्यावयाचा, हे ध्वनिक्षेपकावरील निवेदक ठरवीत नाही.

बलुतेदारीचे स्मरणरंजन नको :
एवढ्यावरून जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणे मात्र गैर आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथातील बलुतेदारीचे वर्णन वाचले, तर कारागिराचे हक्क जातीला बांधलेले आणि मोबदला धान्याच्या राशीवर अवलंबून होता, हे ध्यानात येते. कुंभाराचे मडके गावभर फिरे. घडविणाऱ्याचे नाव त्यावर नसे. महोत्सवाने नाव दिले आणि रोख रक्कम दिली. म्हणूनच महोत्सव टाळण्याऐवजी त्याची रचना सुधारणे इष्ट ठरते.

या संदर्भात महाविद्यालयांची जबाबदारी विशेष आहे. स्नेहसंमेलनातील वारली कार्यशाळा साधारणतः दोन तासांची, पोस्टर रंगांची आणि एका पाहुण्याची असते. मराठी विभाग लोकसाहित्य शिकवितो. परंतु धवलेरीची गीते हा त्याच्या अभ्यासाचा विषय असूनही कार्यशाळेच्या मंडपात तो सहसा नसतो. निमंत्रणपत्र एकाऐवजी दोघांच्या नावे काढणे, गाणारीला चित्रकाराइतकेच मानधन देणे आणि भिंत सारवण्यापासून कामाचा आरंभ धरून त्या दिवसाचाही मोबदला देणे, यासाठी वेगळ्या निधीची नव्हे, तर अंदाजपत्रकातील दोन नव्या ओळींची गरज आहे.