सैन्य, शत्रू आणि ‘जैसे थे’

फिलिप डेटमरचं ‘इम्यून’ हे पुस्तक मैत्रिणीने भेट दिलं तेव्हा माझ्या उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी होती. टीबीच्या गोळ्या चालू होऊन तीन आठवडे झाले होते आणि ऑफिसात मी ‘व्हायरल’ सांगून रजा टाकली होती. डेटमर म्हणजे ‘कुर्झगेझाग्ट’ या यूट्यूब चॅनेलचा संस्थापक. त्याचे व्हिडिओ आमच्यातल्या अनेकांनी होस्टेलवर रात्री जागून पाहिलेत. २०२१मध्ये आलेलं हे पुस्तकही तसंच देखणं आणि वेगवान आहे. गंजका खिळा पायात घुसतो, मातीतले जिवाणू आत शिरतात आणि शरीराची फौज त्यांच्यावर तुटून पडते. मॅक्रोफेज ही पेशी डेटमरला काळ्या गेंड्यासारखी दिसते. वाचायला मजा आली. पण एक गोष्ट खुपत गेली. हे युद्ध असेल, तर मी त्यातली हरलेली बाजू होते.

घरच्यांचंही तेच मत होतं. मावशी फोनवर म्हणाली, “रात्र रात्र लॅपटॉपसमोर, जेवणाला वेळ नाही की काळ नाही. प्रतिकारशक्ती राहील कशी?” छातीच्या डॉक्टरांनी मात्र एक्स-रेवर पेन टेकवून सांगितलं होतं, “हे भोक एकट्या जंतूने पाडलेलं नाही. तुमच्या प्रतिकारशक्तीचाच त्यात मोठा हात आहे. ती फार खालावलेली असती, तर कदाचित ते पडलंही नसतं.”

हे वाक्य फौजेच्या भाषेत बसवून पाहा. बसत नाही. माझी तक्रार डेटमरच्या अचूकतेबद्दल नाही, या भाषेबद्दल आहे. खिळ्याची गोष्ट तिच्यात छान सांगता येते, कारण तिथे आतलं आणि बाहेरचं वेगळं आहे आणि शेवटी कोणीतरी जिंकतं. टीबीत असं काही होत नाही.

हवेतून आलेला जंतू फुफ्फुसातल्या वायुकोशात पोचतो. तिथल्या मॅक्रोफेजचं रोजचं काम सफाईचं असतं: धूळ गिळायची, जुना स्राव आवरायचा आणि शक्यतो आरडाओरडा करायचा नाही. वायुकोशाची भिंत एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असते, तिथे दंगा परवडत नाही. मॅक्रोफेज जंतूला गिळते आणि इथेच गोष्ट फिरते. गिळलेल्या वस्तूची पिशवी एरवी पाचक एन्झाइमच्या पिशवीला जाऊन मिळते. हा जंतू ते मीलन रोखतो आणि जिने त्याला खायचं तिच्याच पोटात राहू लागतो. टी पेशींना खबर पोचायलाही उशीर होतो. माणसात मॅंटू चाचणी पॉझिटिव्ह व्हायला संसर्गानंतर दोन ते आठ आठवडे लागतात.

मग त्या जागेभोवती पेशींचा गराडा पडतो, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. पुस्तकांत त्याला सर्रास ‘तुरुंग’ म्हटलेलं असतं. मलाही आधी ते पटलं, कारण अँटिव्हायरसमधलं क्वारंटाइन फोल्डर डोळ्यांसमोर आलं. पण २००९मध्ये ललिता रामकृष्णन आणि त्यांचे सहकारी म्यूस डेव्हिस यांनी झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांमध्ये टीबीच्या जंतूचा जवळचा भाऊबंद सोडून पाहिलं. नव्या मॅक्रोफेज त्या गराड्याकडे ओढल्या जात होत्या, मरणाऱ्या पेशी खात होत्या आणि खाता खाता जंतूला नवी घरं मिळवून देत होत्या. काही तर जंतू घेऊन बाहेर पडत आणि दुसरीकडे नवा गराडा उभा राहत असे. म्हणजे निदान सुरुवातीला तरी हा तुरुंग कमी आणि वसतिगृह जास्त. तरीही संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्केच लोक आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांत तोच गराडा पुरून उरतो. दोन्ही खरं आहे.

घटसर्पाच्या जंतूसारखं शरीरभर पसरणारं विष टीबीच्या जंतूकडे नाही. फुफ्फुसाचा सांगाडा कोलॅजेनचा असतो आणि तो चिरणारी एन्झाइम बव्हंशी आपल्याच पेशी सोडतात. एचआयव्ही पुढच्या टप्प्यावर गेलेल्या रुग्णांत टीबी अधिक जीवघेणा असतो, पण पोकळ्या कमी दिसतात आणि थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू अनेकदा सापडतच नाहीत. पोकळी श्वासनलिकेत उघडली की जंतूला भरपूर हवा मिळते आणि खोकल्यातून बाहेर पडायची वाट सापडते. दुसऱ्या माणसापर्यंत पोचायला त्याला माझ्या पेशींची ही तोडफोड सोयीचीच होती.

२०१०मध्ये इनाकी कोमास आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या टीबीच्या जंतूंचे जीनोम ताडून पाहिले. टी पेशी जंतूचे जे तुकडे ओळखतात, ते बदलत राहतील अशी कोणाचीही अपेक्षा असते, कारण फ्लूचा विषाणू तसाच चेहरा बदलत राहतो. टीबीच्या जंतूत मात्र हेच तुकडे सगळ्यांत कमी बदललेले निघाले. ओळखलं जाणं त्याच्या फायद्याचं असावं, असा तर्क त्यातून निघाला. मी तीनदा वाचलं. अलार्म वाजावा म्हणूनच आत शिरणारा चोर कोणत्या सिक्युरिटी ट्रेनिंगमध्ये शिकवतात?

फौजेची ही भाषा आली कुठून? १८८२च्या मार्चमध्ये रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला. त्याच वर्षाच्या शेवटी मेसिनामध्ये इल्या मेचनिकॉव्हने तारामाशाच्या अळीत काटा टोचला आणि भटक्या पेशी त्याभोवती गोळा होताना पाहिल्या. त्याची पहिली बायको नऊ वर्षांपूर्वी टीबीने गेली होती. अशा माणसाला त्या पेशी रक्षणकर्त्या वाटल्या, याबद्दल त्याला नावं ठेवावीशी वाटत नाहीत.

सुझन सॉन्टॅगने ठेवली असती. ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ (१९७८) तिने स्वतःच्या कॅन्सरनंतर लिहिलं. टीबीभोवती जमलेली नाजूक, कलावंत रुग्णाची दंतकथा ती निर्दयपणे सोलून काढते. वैद्यकात लष्करी भाषा १८८०च्या दशकात रुजली हेही तीच दाखवते. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की आजाराकडे रूपकांशिवाय पाहा. गोळ्या घेत असताना हे पुस्तक मला डेटमरपेक्षा जास्त उपयोगी पडलं, कारण मावशीचं वाक्य हा निदानाचा भाग नाही हे त्यातून कळलं. पण रूपकं काढली तर उरतं काय? मॅक्रोफेज म्हणजेच ‘मोठी खादाड’. अकरा वर्षांनी ‘एड्स अँड इट्स मेटाफर्स’मध्ये सॉन्टॅगनेही मान्य केलं, की रूपकांवाचून विचार होत नाही, काही रूपकं मात्र टाळता येतात. मग त्यांच्या जागी काय घ्यायचं, याचा शोध ती फारसा घेत नाही. तिथे ती मला अपुरी वाटते.

‘इम्युनिटी’ हा मुळात रोमन कायद्यातला शब्द, कर आणि सार्वजनिक कामांतून सूट अशा अर्थाचा. इनाम जमिनीला सारामाफी असते तसा. मराठीत आपण ‘प्रतिकारशक्ती’ केलं आणि त्यात दोन गोष्टी घुसल्या, लढाई आणि ताकद. ताकद म्हटली की कमी-जास्त आलं, आणि कमी पडली की दोष आला. कोविडच्या काळात काढे आणि च्यवनप्राश याच शब्दावर विकले गेले.

मला कोर्टाचा शब्द बरा वाटतो: ‘जैसे थे’. आमच्या गावच्या घराचा दावा मी जन्मल्यापासून ऐकतेय. दोन्ही बाजू घरातच राहतात, कोणी भिंत पाडायची नाही, कोणी बांधायची नाही, आणि हे टिकवायला तारखांना हजर राहावं लागतं, पैसे जातात. संधिवातावर टीएनएफ अडवणारं औषध दिलं की दबलेला टीबी उसळतो, हे २००१मध्ये इन्फ्लिक्सिमॅबबाबत दिसलं: पहारा उठला. उलट, कॅन्सरसाठी टी पेशींचा ब्रेक सोडणारी पीडी-१विरोधी औषधं घेणाऱ्या काहींतही टीबी उफाळला: आपल्याच बाजूचा कोणीतरी चिडून कुदळ घेऊन आला. अर्थात हे रूपकही गळतं. जंतूला खटला ठाऊक नाही, आणि माझ्या खोकल्याने ज्याला लागण होईल तो शेजारी पक्षकारच नाही.

सहा महिने संपले. पोकळीच्या जागी आता एक व्रण आहे. डॉक्टर अजूनही ‘टीबी’ न म्हणता ‘कॉक्स’ म्हणतात, आणि स्थळं बघताना “न्यूमोनिया झाला होता म्हण” असं आई सुचवते. गेल्या महिन्यात एकाला मी सरळ टीबी म्हणून सांगितलं. त्याने जरा थांबून विचारलं, “म्हणजे तुझी इम्युनिटी वीक आहे का?” मी म्हणाले, “नाही, उलट माझे सैनिक...” आणि तिथेच थांबले. मग मोबाइलमधला जुना एक्स-रे काढला आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.