लहान न होणारे लाकूड

1956 साली पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणी ही चिमुकली आगगाडी धावू लागली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात हौशी वाफइंजिनकारांनी आपली संस्था स्थापन केली, आणि तिच्या साडेसात इंच अंतराच्या रुळांवरच्या गाड्यांत बसून आबालवृद्ध आजही झाडांच्या सावल्यांतून फिरून येतात. अशा उद्यानरेल्वेपाशी उभे राहिल्यावर डोळे इंजिनाकडे धावतात, हे स्वाभाविकच आहे: पितळेची झळाळी, धुराड्यातून निघणारा खराखुरा धूर, हातभर लांबीची खरीखुरी शिटी. परंतु आपण आज नजर थोडी खाली नेऊ, रुळांच्याही खाली, जिथे खडीत अर्धे बुडालेले लाकडी स्लीपर ओळीने पहुडलेले आहेत. या रेल्वेतले सर्वांत मोठे नवल तिथे आहे.

अशा साडेसात इंची रेल्वेचे गणित बहुतेक वेळा एकास आठ असे असते. अमेरिकेतल्या मोठ्या लोहमार्गाचा स्लीपर साधारण साडेआठ फूट लांब, नऊ इंच रुंद आणि सात इंच जाड. त्याला आठाने भागले की हाती येते तेरा इंचांच्या आतबाहेरची, इंचभर रुंदीची आणि इंचाहूनही कमी जाडीची एक पट्टी. कागदावर हे प्रमाण मोठे देखणे दिसते. पण इंजिन लहान होते, डबे लहान होतात, त्यांवर बसणारा माणूस मात्र लहान होत नाही, आणि पाऊसही लहान होत नाही. लाकडाच्या पेशी तेवढ्याच राहतात, त्या पेशींत तंतू सोडणारी कुजेची बुरशीही तेवढीच राहते. उलट, आठव्या हिश्शाच्या स्लीपरला तेवढ्याच लाकडामागे आठपट पृष्ठभाग लाभतो, म्हणजे भिजायला आणि वाळायला आठपट अंगण. म्हणून जाणता मार्गकार प्रमाणाचा मोह थोडा आवरतो आणि स्लीपर जरा जाड, जरा लांब घेतो. सारी रेल्वे प्रतिकृती असली तरी तिच्या पायाशी असलेले लाकूड हे पूर्णाकृती निसर्गाचा तुकडा आहे, आणि त्याच्याशी व्यवहार पूर्णाकृतीच करावा लागतो.

आता तो तुकडा हाती घेऊन त्याचे टोक पाहू. तिथे वर्षावर्षाची वलये दिसतात, आणि मध्याकडचा गडद गाभा व सालीकडचे फिकट रसकाष्ठ यांची सीमारेषाही दिसते. झाड जिवंत असताना रसकाष्ठातून पाणी चढत होते. गाभ्यातून ती वाहतूक केव्हाच थांबली, आणि जाता जाता झाडाने तिथे कडू, कषाय, सुगंधी द्रव्ये साठवून ठेवली. रेडवुडचा तांबूस गाभा किंवा वेस्टर्न रेड सीडरचा दरवळणारा गाभा बुरशीला सहज वश होत नाही, तो या साठ्यामुळे. पण सीडर मृदू आहे. चाकांचा भार पडत राहिला की स्क्रू हळूहळू ढिले होतात. कणखरपणा हवा असेल तर ओककडे वळावे, आणि तिथेही निवड आहेच. रेड ओकच्या तुकड्याच्या एका टोकाला ओठ लावून फुंकर घातली तर ती लाकडातून आरपार जाते. व्हाइट ओकच्या गाभ्यात मात्र त्याच वाहिन्या झाडाने आतून बंद करून घेतलेल्या असतात आणि फुंकर अडते. दारूची पिंपे व्हाइट ओकची का करतात, आणि उघड्यावरच्या स्लीपरलाही तोच का मानवतो, याचे उत्तर त्या अडलेल्या श्वासात मिळते.

गाभ्याचे हे थोरपण मान्य केले तरी रसकाष्ठाला कमी लेखू नये. गाभा स्वतःचे रक्षण करतो, पण बाहेरचे औषध सहसा स्वीकारत नाही. रसकाष्ठ निराधार असते, पण दिलेले औषध मनसोक्त पिते. म्हणूनच पाइनसारखे रसकाष्ठबहुल, स्वस्त लाकूड दाबाखाली औषध भरून घेतले की दीर्घायुषी होते. 1838 साली जॉन बेथेलने इंग्लंडमध्ये लाकडात दाबाने क्रिओसोट हे औषध भरण्याचे पेटंट घेतले, आणि जगभरच्या लोहमार्गांचे आयुष्य त्यामुळे वाढले. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे लाकडात घट्ट रुजणारे मिश्रण 1933 साली सिद्ध केले ते आपल्या देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी. ते जगभर पसरले. आर्सेनिकच्या चिंतेपोटी 2003 च्या अखेरीस अमेरिकेने घरगुती वापराच्या बहुतेक लाकडातून ते बाजूला केले, आणि मुले जिथे बागडतात त्या उद्यानात हा विवेक शोभूनच दिसतो. आज हौशी मार्गकार घरी स्लीपर बुडवतात ते बहुधा हिरव्या कॉपर नॅफ्थेनेटमध्ये.

त्या बुडवण्यातली शिस्तही पाहण्यासारखी आहे. लाकूड आधी सावलीत, हवेशीर रचून वाळवायचे, कारण पेशींत पाणी भरलेले असेल तर औषधाला जागा कुठली? मग लांबीला कापायचे, स्क्रूची भोके पाडायची, आणि हे सारे झाल्यावरच औषधात सोडायचे. नंतर मारलेला प्रत्येक काप आणि प्रत्येक भोक म्हणजे कुजेला उघडलेले दार. वातीने तेल ओढावे तसे टोकाचे उघडे तंतू औषध ओढतात. इथे लहानपणच वरदान ठरते: मोठ्या स्लीपरमध्ये औषध बाहेरच्या थरापुरते पोहोचते, या कोवळ्या जाडीत ते खोलवर मुरू शकते. पुढे धातूंची मने सांभाळायची. तांब्याच्या औषधाने भरलेल्या ओल्या लाकडाला ॲल्युमिनियमचे रूळ थेट टेकले तर ते झिजू लागतात, म्हणून मध्ये प्लास्टिकची पातळ चकती येते; स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड जस्तलेपाचे येतात. आणि सर्वांखाली टोकदार कडांची बारीक खडी, जी स्लीपरला घट्ट धरते आणि पावसाला थांबू देत नाही. कुजेला लाकडात ओल टिकून राहावी लागते. खडी ती टिकू देत नाही.

राइट बंधूंना प्रोत्साहन देणारे अभियंते ऑक्टेव्ह शनूट यांनी आयुष्याचा मोठा भाग स्लीपरच्या औषधोपचाराला वाहिला होता, आणि माथ्यावर वर्षाचे आकडे असलेला खिळा प्रत्येक स्लीपरवर ठोकावा, असा त्यांचा आग्रह होता. कोणते लाकूड, कोणते औषध, किती वर्षे टिकले, हे जमिनीवरच लिहिलेले राहावे म्हणून. लोहमार्ग एकदम जुना होत नाही आणि एकदम नवाही होत नाही. एक स्लीपर थकतो, त्याच्या जागी दुसरा येतो, शेजारी वीस वर्षांचा अजून खंबीर असतो. हे एकदा कळले की त्या ठेंगण्या गाडीत बसण्याचा आनंद दुणावतो. इंजिनाची नक्कल आपल्याला रमवते. लाकडाची निवड मात्र नक्कल नसते, ती कुठल्याही थोर पुलाच्या किंवा मंदिराच्या तुळईइतकीच खरी असते. पोरांच्या गमतीसाठी कुणीतरी इतक्या गांभीर्याने लाकूड पारखावे, वाळवावे, औषधात मुरवावे, यात खेळाचाही मान आहे आणि झाडाचाही.