हक्कसोडपत्रावरची सही

वर्गात मी संविधानाचे कलम १५(३) शिकवतो. स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा राज्याला देणारे हे कलम विद्यार्थी पाठ करतात. पण वडील गेल्यावर नागपुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरासाठी धाकट्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली, तेव्हा तिच्याशेजारी मीच बसलो होतो. तिने विचारले नाही. मी सांगितले नाही.

म्हणून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक मला सुखाने वाचता आले नाही. ज्या स्त्रियांचा हा इतिहास, त्यांची परिषद २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. पत्नीला घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, असे ठराव तिथे झाले. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्याच्या नऊ वर्षे आधीची ही मागणी. संविधानाने स्त्रीला हक्क बहाल केले, असे आपण सभांतून बोलतो. हे वाक्य अपुरे आहे. हक्क मागणाऱ्यांत तीही होती.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर आपण नवा धम्म स्वीकारला. आमचे घर वडिलांच्या मजुरीचे. बहिणीच्या वाट्यासाठी २००५ च्या दुरुस्तीचीही गरज नव्हती. आमच्यात मनुस्मृती कोणी वाचलेली नाही. तिचा नियम मात्र आम्ही बिनचूक पाळला.

बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये आपल्याच घरांतला बाईचा छळ सांगितला. आपण पुष्कळदा त्या पुस्तकातली जातीची साक्ष तेवढी उचलतो आणि घराची साक्ष बाजूला ठेवतो. व्यवस्थेवर बोट ठेवणे सोपे असते, कारण त्या यादीत आपले नाव नसते. आपल्या समीक्षेने ही सोय सोडली पाहिजे.

माझ्या वाट्यातला बहिणीचा हिस्सा तिच्या नावे करून देण्याचे मी ठरवले आहे. भाऊ अजून राजी नाही. बहीण म्हणाली, "दादा, हे तेव्हाच का नाही सांगितलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.