खेळातला इतिहास : 'युरोपा युनिव्हर्सालिस'ची पहिली ओळख

मुले संगणकावर खेळ खेळत बसतात, ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. ती कोणते खेळ खेळतात आणि त्यांतून नकळत काय शिकतात, याची चौकशी मात्र क्वचितच होते. काही खेळांत इतिहासाचा एक अख्खा कालखंड उभा केलेला असतो आणि खेळणाऱ्याच्या हाती एका राज्याची सूत्रे दिलेली असतात. अशा खेळांपैकी 'युरोपा युनिव्हर्सालिस'चा चौथा भाग आम्ही काही आठवडे जवळून पाहिला. त्याचे हे पहिले परीक्षण.

मूळ खेळ फिलिप थिबो या फ्रेंच रचनाकाराचा. तो १९९३ साली पटावर खेळण्यासाठी निघाला. २००० साली स्वीडनमधील पॅराडॉक्स या कंपनीने त्याला संगणकावर आणले. आम्ही पाहिलेला चौथा भाग ऑगस्ट २०१३ मधला आहे. खेळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी. आदल्याच दिवशी, आजच्या बल्गेरियातील वार्ना येथे ऑटोमन सुलतान दुसरा मुराद याने पोलंड-हंगेरीच्या राजाचा पराभव केला होता आणि तो राजा लढाईत मारला गेला होता. तेथून १८२१ च्या आरंभापर्यंत काळ एकेक दिवसाने पुढे सरकतो. म्हणजे सुमारे १ लाख ३७ हजार दिवस झाले! जगाच्या नकाशावरील शेकडो राज्यांपैकी कोणतेही निवडता येते. दख्खनमध्ये बहमनी आणि विजयनगर ही दोन्ही आहेत. आम्ही बहमनी राज्य निवडले.

पहिली छाप पडते ती गुंतागुंतीची. पडद्यावर इतकी बटणे आणि आकडे असतात की, पहिले काही तास केवळ 'कशाचा परिणाम कशावर होतो' हे समजून घेण्यात जातात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही अवस्था ओळखीची वाटेल. कारण हा खेळ म्हणजे मुळात एक गणिती प्रतिमान आहे. काही राशी मानल्या, त्यांच्यातील संबंध ठरवले, थोडी यदृच्छा मिसळली आणि काळ पुढे ढकलला. हवामानाचे किंवा साथीच्या फैलावाचे प्रतिमान याच पद्धतीने बांधतात. म्हणून प्रतिमानाला आपण जे प्रश्न विचारतो, तेच या खेळालाही विचारले पाहिजेत. काय गृहीत धरले आहे? काय वगळले आहे? जो निष्कर्ष निघतो तो खरोखर निघाला, की आधीच आत ठेवलेला होता?

प्रथम जमेची बाजू पाहू. शेजाऱ्यांचे प्रदेश भराभर जिंकत सुटले की, आसपासच्या राज्यांच्या मनात धास्ती साठत जाते आणि एका मर्यादेनंतर ती सारी एकत्र येऊन आपल्यावर चालून येतात. वाढच वाढीला आवर घालते. याला ऋण प्रतिसाद म्हणतात. पुस्तकातील व्याख्येपेक्षा तो येथे चटकन समजतो. दुसरे उदाहरण सोन्याच्या खाणींचे. खाणी मिळाल्या की खजिना भरतो, पण उत्पन्नात सोन्याचा वाटा जितका मोठा तितकी महागाई वाढत जाते. सोळाव्या शतकात अमेरिकेतून चांदी येऊ लागल्यावर स्पेनमध्ये किमती चढत गेल्या, त्या इतिहासाचे हे सोपे पण प्रामाणिक रूप आहे. अलेप्पो, होर्मुझ, झांझिबार ही नावे नकाशावर कोठे आहेत, हे मुलांना सहज पाठ होते, हा लाभ वेगळाच.

आता ज्ञानाचा प्रश्न घेऊ. खेळात राज्यकारभार, परराष्ट्रव्यवहार आणि युद्ध अशा तीन शाखांत तंत्रज्ञानाच्या प्रत्येकी ३२ पायऱ्या आहेत. पायरी चढण्यासाठी 'गुण' खर्च करावे लागतात आणि हे गुण मुख्यतः येतात राजाच्या अंगच्या कुवतीतून. राजाची कुवत प्रत्येक शाखेत शून्य ते सहा अशी मोजलेली असते. पगारी सल्लागार नेमला तर दरमहा आणखी थोडे गुण मिळतात. बहमनी वजीर महमूद गवान याने बीदरला १४७२ साली मदरसा उभारला. केरळात नीलकंठ सोमयाजी याने १५०० च्या सुमारास 'तंत्रसंग्रह' हा खगोलगणिताचा ग्रंथ रचला. या नियमांत अशा कामांची जागा कोणती? विद्वान म्हणजे दरमहा मिळणारे दोन-तीन गुण, एवढीच! कारागीर, शिक्षक, पोथ्यांच्या नकला करणारे यांना तर जागाच नाही. ज्ञान राजे विकत घेतात आणि ते सर्व देशांत एकाच शिडीने वर चढते, असे हे गृहीतक आहे. विज्ञानाचा इतिहास या कल्पनेला दुजोरा देत नाही.

सुरुवातीला तर युरोपबाहेरच्या राज्यांना प्रत्येक पायरी अधिक महाग पडेल, असा नियमच होता. मग युरोप पुढे गेला यात नवल काय? उत्तर प्रश्नातच घातलेले होते. २०१६ साली निर्मात्यांनी हा नियम काढला आणि प्रबोधन, छापखाना, जागतिक व्यापार अशा 'संस्था' आणल्या. त्या कोठेतरी उगम पावून हळूहळू पसरतात. ही सुधारणा नक्कीच आहे. तरी प्रत्येक संस्थेचे वर्ष आधीच ठरलेले आहे. छापखाना येतो १५५० च्या सुमारास. प्रत्यक्षात कोरियात धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापलेले १३७७ सालचे पुस्तक आजही उपलब्ध आहे. गोव्यात मुद्रणयंत्र आले १५५६ साली, पण त्यानंतर भारतभर मुद्रण पसरायला फार काळ गेला. यंत्र पोचणे आणि रुजणे यांत एवढे अंतर का पडते, हा खरा प्रश्न आहे. त्याला या खेळात उत्तर नाही.

व्यापाराचे तसेच. जगभर व्यापाराची केंद्रे आखली आहेत आणि त्यांना जोडणारे बाण आहेत. गुजरातमधून निघालेला व्यापार एडनचे आखात, अलेक्झांड्रिया असे करत पश्चिमेला जातो. सर्व प्रवाह शेवटी व्हेनिस, जेनोआ आणि इंग्लिश खाडी या तीन ठिकाणी पोचतात. वाटेत आपला वाटा काढून घेता येतो, बाण मात्र उलटा फिरवता येत नाही. कापड आणि मसाले पश्चिमेला गेले हे खरेच, पण त्यांच्या मोबदल्यात अमेरिकेची चांदी भारतात आणि चीनमध्ये येत राहिली. भारतात चांदीच्या खाणी फारशा नव्हत्या. मोगलांचा रुपया पाडला जाई तो बहुतांशी बाहेरून आलेल्या चांदीचा. देवाणघेवाणीची ही दुसरी बाजू पुसली की, संपत्ती युरोपात जमणे हा निसर्गनियम वाटू लागतो.

सर्वांत गंभीर उणीव माणसांची आहे. या चौथ्या भागात प्रांताला कर, उत्पादन आणि सैनिकबळ यांचे आकडे आहेत, लोकसंख्येचा आकडा नाही. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात गुजरात आणि दख्खनमधली गावेच्या गावे ओस पडली. ते दाखवण्यासाठी लागणारी राशीच येथे नाही. अमेरिकेतील बराचसा प्रदेश नकाशावर रिकामा दिसतो. तेथील मूळ रहिवासी म्हणजे प्रांताच्या कोपऱ्यातील एक संख्या. त्यांच्यावर हल्ला करण्यासाठी एक बटण आहे आणि ते दाबून ही संख्या शून्यावर आणता येते. पुढे वसाहतकऱ्यांची संख्या एक हजार झाली की, प्रांत पूर्णपणे 'आपला' होतो. देवी आणि गोवर यांसारख्या रोगांनी तेथे केलेला संहार मानवी इतिहासातील सर्वांत मोठ्या संहारांपैकी एक होता. पंधरा वर्षांच्या मुलाला तो नफ्या-तोट्याच्या हिशेबासारखा दिसावा, ही काळजीची गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या पाचव्या भागात लोकसंख्या मोजायला घेतली आहे. म्हणजे ही उणीव निर्मात्यांनाही जाणवली असावी.

मग हा खेळ मुलांना खेळू द्यावा काय? द्यावा, परंतु त्यावर वर्गात बोलावे. त्यासाठी शाळेत संगणक असण्याचीही गरज नाही. एक सोपा उपक्रम सुचवतो. नववी-दहावीच्या वर्गात चार-चार जणांचे गट करावेत. १६३० चे दख्खनमधील एक गाव घ्यावे. पाऊस, धान्यसाठा, गुरे, माणसे, सारा आणि फिरते सैन्य यांपैकी कोणत्या राशी मोजायच्या आणि एकीचा दुसरीवर परिणाम कसा होतो, याचे नियम प्रत्येक गटाने कागदावर लिहावेत. मग फासा टाकून तीन वर्षांचा पाऊस ठरवावा आणि हिशेब करत जावे. एका गटाचे गाव तगेल, दुसऱ्याचे उठेल. त्यानंतर गटांनी नियमांचे कागद आपसांत बदलून प्रत्येक नियमापुढे लिहावे : हा नियम कोणत्या पुराव्यावरून घेतला? पुरावा नसेल तेथे प्रश्नचिन्ह करावे. एवढे करून झाल्यावर मुलांनी हा खेळ पुन्हा उघडला, तर त्यातील बाणांकडे आणि रिकाम्या प्रांतांकडे ती निराळ्या नजरेने पाहतील, असा आमचा विश्वास आहे.