श्राव्य संहिता आणि ग्रंथालयाची निवड : रॅप-अल्बमांच्या यादीच्या निमित्ताने

ग्रंथालयाने वाचकांसाठी शिफारस-यादी काढणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. त्या यादीमागे एक समीक्षादृष्टी उभी असते, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. कोणती संहिता जपण्याजोगी, कोणती पुन्हा पुन्हा वाचण्याजोगी आणि कोणती केवळ तात्कालिक, याचा निवाडा ग्रंथपाल रोज करीत असतो. तो लिहून ठेवीत नाही इतकेच. उद्या ठाण्याच्या नौपाड्यातील एखाद्या ग्रंथालयाने हिप-हॉप आणि रॅप यांतील ऐकण्याजोग्या अल्बमांची यादी करावयाचे मनावर घेतले, तर हा अलिखित निवाडा उघड्यावर येईल. ‘हे साहित्य आहे काय?’ हा प्रश्न प्रथम विचारला जाईल. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, अधिक अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे : अशी यादी ‘अल्बम’ हे एकक धरून करावयाची झाली, तर तीतून नेमके मराठीच वगळले जाते. असे का व्हावे?

या प्रश्नाला ठाण्यात एक पूर्वपीठिका आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी १८९३ मध्ये येथे मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना केली. भाव्यांचे कार्य छापील पुस्तके गोळा करण्यापुरते नव्हते. ज्या हस्तलिखितांकडे फारसे कोणी पाहत नव्हते ती मिळवावीत, त्यांतील जुनी कविता ‘महाराष्ट्र कवि’ या मासिकातून प्रसिद्ध करावी, हा त्यांचा व्यासंग होता. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८९१ मध्ये, हॅरी ऍक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला होता. गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडी असलेली रचना त्यामुळे कागदावर आली आणि कालांतराने विद्यापीठीय अभ्यासक्रमातही पोहोचली. आज आपण पोवाड्याला निःशंकपणे ‘वाङ्मयप्रकार’ म्हणतो. पण तो वाङ्मय ठरला तो कोणीतरी त्याचा संग्रह केला म्हणून. म्हणजे संग्रह हा साहित्यमूल्याचा केवळ परिणाम नसतो, तो काही अंशी त्याचे कारणही असतो. या व्यवहारात हानीही झाली. डफ-तुणतुण्याची लय, झीलकऱ्यांचा सूर, श्रोत्यांच्या प्रतिसादाने लांबणारा किंवा आखडणारा चौक हे सारे छापील पानाबाहेर राहिले. आपल्या हाती उरली ती पोवाड्याची शब्दसंहिता. श्राव्य संहिता हरवली.

रॅपच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर ठरेल. त्याचे कारण छंदशास्त्रीय आहे. मराठीत शब्दान्तीच्या ‘अ’चा उच्चार बोलताना बहुधा लोप पावतो, ‘घर’ हा शब्द लिहिताना दोन अक्षरांचा, पण उच्चारात एकाच अवयवाचा असतो. ओवी-अभंगांची अक्षरगणना करताना हा ‘अ’ आपण पूर्ण धरतो आणि गायक तो लांबवितोही. रॅपकर्ता मात्र शब्द बोलीत जसा उच्चारला जातो तसाच तालावर ठेवतो. त्यामुळे व्यंजनान्त शब्दांची एक ठोसर, खटकेबाज मालिका तयार होते आणि यमक स्वरापेक्षा व्यंजनावर अधिक विसंबते. शिवाय इंग्रजी शब्दाला स्वतःचा बलाघात असतो, तसा ठाम बलाघात मराठी शब्दाला नसतो. तो चार ठोक्यांच्या आवर्तनात शब्द कोठे पडतो यावरून निर्माण करावा लागतो. ही सारी रचना कागदावर अदृश्य असते. रॅपचे शब्द उतरवून घेऊन ‘यात काव्य कोठे आहे?’ असे विचारणारा समीक्षक अर्ध्या संहितेवरून पूर्ण निकाल देत असतो.

आता यादीकडे वळू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क याने वाजविलेल्या मेजवानीपासून हिप-हॉपचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांची नोंदवही सुरू केली, तेव्हा २००२ च्या पहिल्याच यादीत ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचे ‘द मेसेज’ (१९८२) हे गीत आले. पब्लिक एनिमीचा ‘फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट’ (१९९०) त्यानंतर दोन वर्षांतच तेथे पोहोचला. हा अल्बम आपल्या यादीत प्रथम यावा. त्यात भाषणांचे तुकडे, बातम्या, जुनी गाणी आणि गोंगाट यांची जी थरावर थर अशी जुळणी आहे, ती आंतरसंहितता या संकल्पनेचे कानांनी वाचता येणारे उदाहरण आहे. त्यासोबत नॅसचा ‘इल्मॅटिक’ (१९९४) असावा. एका वस्तीचे स्थलवर्णन निवेदकाच्या दृष्टिकोणातून कसे उभे राहते, हे कथनमीमांसेच्या विद्यार्थ्याने तेथे पाहावे. लॉरिन हिलचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ (१९९८) घ्यावा तो केवळ स्त्रीचा आवाज म्हणून नव्हे, तर या प्रकारातील पुरुषी बढाईला आतून दिलेले उत्तर म्हणून. आणि केंड्रिक लामारचा ‘डॅम’ (२०१७). २०१८ चे संगीताचे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले. अभिजात आणि जॅझ या परंपरांबाहेरच्या कृतीला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

भारतीय भाषांतही यादी रिकामी राहत नाही. प्रभदीपचा ‘क्लास-सिख’ (२०१७) दिल्लीच्या टिळकनगरातील जगणे पंजाबी वळणाच्या बोलीत मांडतो. ‘सीधे मौत’ या जोडीचा ‘बयान’ (२०१८) हिंदीतील लय-प्रयोगांसाठी ऐकावा. डिव्हाइनचा ‘कोहिनूर’ (२०१९) मुंबईच्या गल्लीची हिंदी घेऊन येतो. तमिळमधील अरिवु आणि ऑफ्रो यांचा ‘तेरुक्कुरळ’ (२०१९) तर शीर्षकापासूनच समीक्षकाला थांबवितो : ‘तिरुक्कुरळ’ या प्राचीन ग्रंथनामाशी खेळ करून तेथे ‘रस्त्याचा आवाज’ हा अर्थ साधला आहे. परंपरेच्या केंद्रातील नाव उचलून ते परिघावरच्या माणसाच्या तोंडी ठेवण्याची ही कृती, जातिव्यवस्थेविरुद्ध बोलणाऱ्या अल्बमाच्या बाबतीत, निव्वळ शब्दखेळ राहत नाही.

मराठीपाशी आल्यावर मात्र हात थांबतो. मराठीत रॅप नाही असे मुळीच नाही. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने वऱ्हाडी वळणाची मराठी घेऊन आला. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या बहुभाषिक समूहात मराठीचा आवाज ठळक आहे; आरेच्या जंगलाच्या प्रश्नावर प्रकाश भोईर यांच्यासह त्यांनी केलेले ‘द वारली रिव्होल्ट’ आणि २०२० चा ‘चेतावणी’ हा संग्रह अभ्यासकाने अवश्य ऐकावा. परंतु मराठी रॅपचा बहुतांश व्यवहार सुट्या गीतांचा आहे. भ्रमणध्वनीवर मुद्रित केलेले, एखाद्या प्रसंगावर रातोरात रचलेले आणि दृक्-श्राव्य संकेतस्थळावर ठेवलेले गीत हे त्याचे स्वाभाविक रूप आहे. अल्बमाला ध्वनिमुद्रणगृह, निर्माता, वितरण, म्हणजे एक आर्थिक पाठबळ लागते. ‘अल्बम’ हे सौंदर्यशास्त्रीय एकक वाटत असले, तरी ते भांडवलाचेही एकक आहे. ते निकष म्हणून स्वीकारणारी यादी गुणवत्तेच्या नावाखाली ऐपतीची निवड करीत असते.

सुट्या गीतांचे आयुष्य तर फारच अनिश्चित. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगसे याच्या राजकीय रॅपविरुद्ध ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे गुन्हा नोंदविला गेला. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडे याच्यावरही कारवाई झाली. त्या गीतांच्या राजकीय भूमिकेशी कोणी सहमत असो वा नसो, ज्या संहितेची दखल पोलीस ठाण्याला घ्यावीशी वाटली तिची नोंद ग्रंथालयात नसावी, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. ‘सर्व काही महाजालावर असतेच’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. डी ला सोल या नामांकित समूहाचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ (१९८९) लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदवहीत २०१० च्या यादीपासून आहे. पण जुन्या ध्वनितुकड्यांच्या हक्कांचा गुंता न सुटल्याने मार्च २०२३ पर्यंत तो स्ट्रीमिंग सेवांवर उपलब्ध नव्हता. जगप्रसिद्ध अल्बमाची ही गत, तर अमरावतीच्या वा अंबरनाथच्या एका गीताची काय कथा!

दोन आक्षेपांचा विचार आवश्यक आहे. पहिला भाषेच्या शिवराळपणाचा. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) आज ग्रंथालयांच्या कपाटात आहे, शृंगारिक लावणीही आहे. तेव्हा केवळ शब्दांच्या उग्रतेवरून रॅपला दार बंद करता येणार नाही. पण याचा अर्थ सारे काही क्षम्य असा नव्हे. व्यवस्थेवर उगारलेली शिवी आणि स्त्रीला वस्तू ठरविणारी शिवी यांत भेद आहे. तो यादीकाराने ओळखला पाहिजे, आणि टिपणीत तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. दुसरा आक्षेप उलट दिशेचा, आणि तो स्नेहभावातून येतो : ‘रॅप म्हणजे आजचा पोवाडाच की!’ साम्ये आहेत. कवनाच्या शेवटी नाव, गाव आणि गुरू सांगणारी शाहिराची नाममुद्रा आणि रॅपकर्त्याने स्वतःचे व वस्तीचे नाव गाजविणे, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आणि रॅपमधील द्वंद्व, यांची तुलना उद्बोधक आहे. परंतु साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. आश्रयदात्याच्या पराक्रमाचे गान करणाऱ्या पोवाड्याशी रॅपची सांगड घातली, की त्याचा उपरेपणा, त्याचे यंत्राशी असलेले नाते आणि कृष्णवर्णीय इतिहासाचे त्यावरील ऋण हे तिन्ही पुसले जाते. परक्या गोष्टीला घरचे नाव देऊन तिचा उपद्रव कमी करण्याची ही जुनी युक्ती आहे.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एकात प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, अशी अपेक्षा आहे. तिचा विस्तार श्राव्य संहितेपर्यंत करावयाचा, तर नौपाड्यातील यादीला दोन भाग हवेत. पहिल्या भागात वर सुचविलेले अल्बम असावेत. ते ऐकून कान तयार होतील. दुसऱ्या भागात अल्बम न झालेली मराठी गीते असावीत : रचनाकाराच्या संमतीने जतन केलेले ध्वनिमुद्रण, उतरवून घेतलेले शब्द, रचनेची तारीख, प्रसंग आणि बोलीची नोंद यांसह. पहिला भाग कोणीही करू शकेल, कारण त्याचा निवाडा इतरांनी आधीच केलेला आहे. दुसऱ्या भागासाठी स्वतःची समीक्षादृष्टी लागते आणि चुकण्याची तयारीही लागते. भाव्यांनी जुनी बाडे गोळा केली, तेव्हा त्यांतील प्रत्येक ओवी श्रेष्ठ ठरेल अशी हमी त्यांना कोणी दिली नव्हती.