दिगू टिपणीसचं हसू आणि नगरचे अठरा

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात शपथविधी झाला, फूट पडली, कुणी रातोरात गट बदलला, की तासाभरात फोनवर निळू फुले येतात. ‘सिंहासन’चा शेवट. पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. त्याखाली कुणीतरी लिहितं, ‘आपण सगळे.’ नोव्हेंबर २०१९ मध्ये ही क्लिप मला एका दिवसात चार ग्रुपवरून आली. तोवर मी सिनेमा पाहिलेला नव्हता. माझ्याबरोबरच्या पुष्कळांनी अजूनही पाहिलेला नाही. त्यांना हसू माहीत आहे, पण तो कशाला हसतो ते माहीत नाही.

सिनेमा मी नंतर पाहिला. आता तीनदा पाहून झालाय. आवडतोच. पण दर वेळी एक गोष्ट जास्त टोचते. ती म्हणजे ‘सिंहासन’ने आपल्याला सत्तावाटपाकडे बघायची जी नजर दिली, ती आज आपल्या उपयोगाची राहिलेली नाही. उलट ती आपल्याला आळशी करते.

१९७९ चा हा सिनेमा. दिग्दर्शन जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकर, आधार अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांचा, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे श्रीराम लागू, कामगार पुढारी डिकास्टा म्हणजे सतीश दुभाषी. एक निनावी फोन येतो, मुख्यमंत्र्यांना कळतं की आपल्याच माणसांत कुणीतरी आपल्याला पाडायला निघालंय, आणि मोजदाद सुरू होते. सरनाईकांचा चेहरा बघत राहावा असा आहे. हा माणूस घाबरलाय की घाबरल्याचं दाखवतोय, हे शेवटपर्यंत नक्की सांगता येत नाही. मराठीत राजकीय माणूस इतक्या शांतपणे फार कमी वेळा उभा राहिलाय.

पण एक गोष्ट बघा. या सगळ्या खेळात पक्ष एकच आहे. दाभाडेही त्यातलेच, मुख्यमंत्रीही त्यातलेच. वाटाघाट होते ती घरातल्या घरात. दुसऱ्या पक्षाशी बसून कागदावर काही लिहायचं, आपल्या मतदाराला त्याचं उत्तर द्यायचं, हा प्रश्नच या गोष्टीत नाही. साधूंनी ज्या काळाकडे बघून लिहिलं, तो काळच तसा होता. काँग्रेसमधला कोण, एवढाच प्रश्न असायचा.

गंमत म्हणजे सिनेमा पडद्यावर येईपर्यंत तो काळ संपला होता. १९७८ च्या निवडणुकीत जनता पक्ष ९९ जागांसह पहिला आला, काँग्रेस ६९ आणि इंदिरा काँग्रेस ६२. बहुमत कुणालाच नाही. मतदारांसमोर एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले, नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. पहिल्या क्रमांकाचा पक्ष बाहेर बसला. चार महिन्यांत शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलैला त्याच जनता पक्षासह पुलोदचं सरकार आलं. आज आपण ज्याला ‘हल्लीचं घाणेरडं राजकारण’ म्हणतो, त्याचे बहुतेक सगळे नमुने त्या एका वर्षात मिळतात. ‘सिंहासन’मध्ये त्यातलं काही नाही. त्याने चित्र काढलं ते नुकत्याच मोडलेल्या घराचं.

पुढे तर नियमच बदलले. सिनेमातला आमदार एकेकटा फुटू शकतो, म्हणून त्याची किंमत आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीने ती किंमत एका माणसाकडून टोळीकडे नेली. आधी एक तृतीयांश, २००३ नंतर दोन तृतीयांश. त्याच २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर बांधली. २८८ च्या विधानसभेत मुख्यमंत्री धरून ४३. सरनाईकांच्या मुख्यमंत्र्याचं खरं शस्त्र काय होतं? देता येण्यासारखी मंत्रिपदं. आता ती मोजून मिळतात, म्हणून महामंडळं, पालकमंत्रीपद, ‘पुढची अडीच वर्षं’ असं सगळं टेबलावर येतं. आजचा सौदा आकड्यांनी आणि तारखांनी होतो. डोळ्यांच्या खेळाचा त्यात वाटा थोडा. तो पडद्यावर दाखवायला अवघड आहे हे मान्य, पण म्हणून तो नाहीच असं होत नाही.

मी नगरचा. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, बोलताना अजून नगरच येतं. माझ्या लेखी या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मुंबईत घडली नाही. ती २०१९ च्या अकरा महिने आधी नगरच्या महापालिकेत घडली, आणि तिच्यावर कुणी क्लिप पाठवली नाही.

डिसेंबर २०१८. महापालिकेच्या ६८ जागा. शिवसेना २४, राष्ट्रवादी १८, भाजप १४, काँग्रेस ५, बसप ४, बाकी किरकोळ. बहुमताला ३५ हवेत. शिवसेना आणि भाजप मिळून ३८ होतात, राज्यात आणि दिल्लीत दोघे एकाच सरकारात आहेत, त्यामुळे शाळेतल्या पोरालाही बेरीज येते. तसं झालं नाही. २८ डिसेंबरला महापौर झाले भाजपचे बाबासाहेब वाकळे, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचे. पाठिंबा कुणाचा? राष्ट्रवादीच्या अठराच्या अठरा नगरसेवकांचा, आणि बसपच्या चौघांचा. राज्यात ज्या पक्षाविरुद्ध राष्ट्रवादी रोज बोलत होती, त्याचाच महापौर तिच्या हातांनी झाला. मुंबईहून नोटिसा आल्या आणि जानेवारीत पक्षाने अठरा जणांना काढून टाकलं.

यातला एक तपशील नगरबाहेरच्यांना चटपटीत वाटतो. राष्ट्रवादीचे शहराचे आमदार संग्राम जगताप हे भाजपचे तेव्हाचे राहुरीचे आमदार शिवाजी कर्डिले यांचे जावई. झालं, सासरा-जावई म्हटलं की गोष्ट पूर्ण. नगर म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांचं राजकारण, हे वाक्य जिल्ह्यावरच्या प्रत्येक लेखात ठरलेलं असतं, जसं पावसाळ्यातल्या लेखात भजी. पण सोयरीक हे स्पष्टीकरण नाही. सोयरीक वीस वर्षं असते, महापौर अडीच वर्षांचा असतो. अठरा लोक एका नात्यासाठी पक्षाला अंगावर घेत नाहीत. त्यांना काय मिळणार होतं, काय टळणार होतं, हा प्रश्न विचारावा लागतो. आणि त्याचं उत्तर शोधायला महापालिका कशी चालते ते बघावं लागतं. पैशाचे निर्णय होतात स्थायी समितीत. तिचे सदस्य सोळा, पक्षांच्या संख्येप्रमाणे, दर वर्षी निम्मे निवृत्त. महापौराची गाडी लोकांना दिसते, स्थायीची विषयपत्रिका कुणी वाचत नाही. सत्तेतला वाटा कुणी कशाच्या बदल्यात दिला, याचा माग तिथून निघतो. गाळे, पाणीयोजना, रस्त्यांची कामं, बिलं.

महापौराची निवड हात वर करून होते, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. बंद खोली नाही, पहाट नाही. भर दुपारी, पत्रकारांसमोर. ‘सिंहासन’ने आपल्याला शिकवलं की खरं राजकारण पडद्यामागे असतं. नगरमध्ये ते पडद्यापुढे झालं आणि तरीही आपल्याला दिसलं नाही, कारण त्यात एकही चाणक्य नव्हता. होते ते अठरा वॉर्डांतले माहितीतले लोक, ज्यांच्या घरी आपण दाखल्यावर सही घ्यायला जातो.

जब्बार-तेंडुलकर जोडीचाच ‘सामना’ या बाबतीत मला जास्त जवळचा वाटतो. तिथला हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा माणूस आहे. ज्या जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, तिथल्या प्रेक्षकाला तो परका नाही. आणि ‘सामना’त प्रश्न विचारणारा मास्तर हसून मोकळा होत नाही. मारुती कांबळेचं काय झालं, हे तो विचारतच राहतो. क्लिप व्हायची तर ती व्हायला हवी होती.

आता २०१९ कडे येऊ. त्या महिन्यावर इंग्रजी-मराठीत पुस्तकं आली. बहुतेकांची बांधणी एकच. गाडी कुठल्या दाराने आत गेली, फोन किती वाजता आला, कोण कुणाला काय म्हणालं. वाचायला मजा येते. २३ नोव्हेंबरला पहाटे ५.४७ ला राष्ट्रपती राजवट उठली, हा आकडा कादंबरीकाराला सुचला नसता. पण ही पुस्तकं ‘सिंहासन’च्याच पोटची आहेत. माणसं मोजतात, मजकूर वाचत नाहीत.

आणि त्या वर्षी भांडण मजकुराचंच होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये युती जाहीर करताना पदं आणि जबाबदाऱ्या समान वाटून घेण्याची भाषा झाली. ऑक्टोबरात निकाल लागला, भाजप १०५, शिवसेना ५६. वाद सुरू झाला तो एका शब्दाच्या अर्थावर: ‘पद’ म्हणताना त्यात मुख्यमंत्रीपद धरायचं का नाही? एक बाजू म्हणाली, ‘मातोश्री’वर बंद दाराआड ठरलं होतं. दुसरी म्हणाली, असं काही ठरलं नव्हतं. दोन अक्षरांच्या अर्थावर राज्याचं सरकार अडून बसलं, आणि शब्दांवर जगणाऱ्या आपल्या साहित्यिक मंडळींनी त्यावर फारसं काही लिहिलं नाही. सगळे विश्वासघात कुणाचा यावर बोलत होते. जो करार कुणी लिहून ठेवलाच नाही, त्याचा घात झाला की नाही हे ठरवणार कसं? दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक असतील, ही शक्यता ‘सिंहासन’च्या नजरेत बसतच नाही. तिथे प्रत्येकाला खरं माहीत असतं आणि प्रत्येक जण लपवत असतो.

याउलट २८ नोव्हेंबरला, उद्धव ठाकरे शिवाजी पार्कवर शपथ घेण्याच्या काही तास आधी, तीन पक्षांनी किमान समान कार्यक्रम लिहून जाहीर केला. शेतकरी कर्जमाफी, दहा रुपयांत जेवण, नोकऱ्यांत स्थानिकांना ऐंशी टक्के, तालुक्याला एक रुपयात तपासणी. भाषा सरकारी, रुक्ष. पण त्या महिन्यातला तोच एक मजकूर असा होता, की जो हातात धरून नंतर विचारता आलं असतं: हे झालं, हे राहिलं. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, कर्जमाफीही आली. बाकीचं कुणी विचारलं नाही. त्या कागदाची क्लिप होत नाही.

आणि हा सौदा चालू असताना खाली काय होतं? परतीच्या पावसाने बाजरी, सोयाबीन, कांदा शेतात सडत होता. पंचनामे झाले, पण निर्णय घ्यायला मंत्री नाही. राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी आठ हजार जाहीर केले, तेही दोन हेक्टरपर्यंत. एवढ्यात काय भागतं ते कांदा लावणाऱ्याला विचारा. मुख्यमंत्री वैद्यकीय मदत कक्षाचं काम थांबल्याच्या बातम्या त्याच दिवसांतल्या. दिगू टिपणीस हसत असताना कॅमेरा त्याच्यावर असतो, म्हणून हे दिसत नाही.

मी त्या हसण्याची टिंगल करत नाहीये. निळू फुल्यांचं ते हसू भयंकर आहे. ते मोडलेल्या माणसाचं हसू आहे. आपण त्याचा स्टिकर केला. दिगू आयुष्यभर ही माणसं जवळून बघून, त्यांच्या घरी चहा पिऊन, शेवटी कोसळतो. आपण काहीही न बघता थेट शेवटावर येतो, आणि त्याच्यासारखं हसलो की आपल्यालाही सगळं कळलं असं वाटतं.

नगरची गोष्ट २०१८ ला संपली नाही. ३० जून २०२१ ला पहिल्या महापौरांची अडीच वर्षं संपली. तेच सभागृह. यावेळी शिवसेनेच्या रोहिणी शेंडगे महापौर झाल्या, उपमहापौर राष्ट्रवादीचे गणेश भोसले. बिनविरोध. म्हणजे एकाच मतदानातून निवडून आलेल्या त्याच ६८ जणांनी अर्धी मुदत भाजपचा महापौर चालवला आणि अर्धी शिवसेनेचा, आणि दोन्ही वेळा राष्ट्रवादी सत्तेच्या बाजूला होती. डिसेंबर २०१८ मध्ये माझ्या वॉर्डात ज्यांनी भाजपला पाडायला म्हणून राष्ट्रवादीला मत दिलं, त्यातले एक काका आमच्या गल्लीत राहतात. पहिल्या वेळी ते आठवडाभर बोलत होते. दुसऱ्या वेळी मी मुद्दाम विचारलं, आता तरी बरं वाटलं का? ते नळाला पाणी कधी येणार ते बघायला गच्चीवर चालले होते. म्हणाले, “कोण झालंय?”

डिसेंबर २०२३ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक आले.