‘एरर’, ‘मिस्टेक’, ‘ब्लंडर’ : प्रमादवाचक इंग्रजी शब्दांचा अर्थविचार

इंग्रजीतील ‘एरर’, ‘मिस्टेक’, ‘ब्लंडर’, ‘स्लिप’, ‘लॅप्स’, ‘गॅफ’ इत्यादी शब्द समानार्थक मानून त्यांना एका शिडीवर चढविण्याची पद्धत वर्गांतून आणि कोशांतून रूढ आहे. खालच्या पायरीवर ‘स्लिप’, मधल्या पायरीवर ‘मिस्टेक’ आणि सर्वांत वर ‘ब्लंडर’, अशी ही मांडणी असते. मराठी पर्यायही त्याच क्रमाने योजिले जातात : नजरचूक, चूक, घोडचूक. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात ‘ब्लंडर’ची व्याख्या ‘मिस्टेक’च्या आधाराने केली आणि तिला ढोबळ किंवा लाजिरवाणी अशी दोन विशेषणे जोडली. पुढील अभ्यासकांनी त्यांतील पहिले विशेषण तेवढे उचलले, दुसरे सोडून दिले; आणि अर्थाचे मर्म नेमके त्या दुसऱ्यात होते. पीटर रॉजेटच्या १८५२ च्या पर्यायकोशाने हे शब्द एका शीर्षाखाली आणून त्यांचे कुटुंब दाखविले, पण नातेसंबंध दाखविले नाहीत. पर्यायकोशाचे ते कार्यही नव्हे. दोष आहे तो पर्यायकोशाचा अर्थकोश म्हणून उपयोग करणाऱ्यांचा.

व्युत्पत्ती येथे फारशी साह्यकारी होत नाही. ‘एरर’च्या मुळाशी भटकणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे, ‘मिस्टेक’च्या मुळाशी भलतेच उचलणे या अर्थाचे प्राचीन नॉर्स क्रियापद आहे, आणि ‘ब्लंडर’चा संबंध बहुधा डोळे मिटण्याचा अर्थ असलेल्या स्कँडिनेव्हियन शब्दाशी आहे. ही माहिती मनोरंजक आहे खरी. परंतु शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या आजच्या प्रयोगातूनच निश्चित करावा लागतो.

प्रयोग पाहू गेल्यास पहिली गोष्ट अशी आढळते की ‘एरर’ला कर्त्याची गरज नसते. संख्याशास्त्रातील ‘स्टँडर्ड एरर’ कोणी ‘केलेली’ नसते. मोजमापात ती असतेच आणि तिचे प्रमाण सांगता येते. तेथे ‘मिस्टेक’ हा शब्द बसवून पाहिल्यास प्रयोग हास्यास्पद होतो. उलट ‘बाय मिस्टेक’ म्हणजे दुसऱ्याची छत्री उचलून नेणे. येथे कोणीतरी काहीतरी चुकीचे समजले आहे, हा भाव अटळ आहे. ‘एरर’ म्हणजे प्रमाणापासून झालेले अंतर; ‘मिस्टेक’ म्हणजे कोणाच्या तरी मनातील विपरीत ग्रह. यंत्र ‘एरर’ दाखविते. ‘मिस्टेक’ त्याच्यामागील माणसाची, असेच सामान्यतः समजले जाते.

क्रियापदांची निवडही बोलकी आहे. भारतीय इंग्रजीत ‘कमिट’ हे क्रियापद ‘मिस्टेक’ला सर्रास जोडले जाते, आणि मराठीतील ‘चूक करणे’ या प्रयोगाच्या छायेमुळे ‘डू’ही जोडले जाते. आजच्या ब्रिटिश व अमेरिकी वापरात मात्र ‘मिस्टेक’ला ‘मेक’ हेच क्रियापद स्वाभाविक वाटते. ‘कमिट’ची सोबत गुन्ह्याला, पापाला, ‘ब्लंडर’ला आणि क्वचित ‘एरर’ला. ज्या कृतीमुळे एखाद्या नियमाचा भंग होतो तिलाच हे क्रियापद लागते, आणि ‘मिस्टेक’ त्या मानाने निरपराध राहते. केवळ आकाराचा प्रश्न असता तर मोठ्या ‘मिस्टेक’ला ‘कमिट’ चालावयास हवे होते. ते चालत नाही.

विधिभाषेत या शब्दांचे परस्परसंबंध अधिक काटेकोरपणे सांभाळलेले दिसतात. भारताच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५२ या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. न्यायनिर्णयातील लेखनाच्या व अंकगणिताच्या दुरुस्त्यांसंबंधीच्या या एकाच कलमात ‘मिस्टेक’, ‘एरर’, ‘स्लिप’ आणि ‘ओमिशन’ हे चारही शब्द येतात. परंतु ते एका रांगेत उभे नाहीत. आकस्मिक ‘स्लिप’ किंवा ‘ओमिशन’ यांतून ‘एरर’ उद्भवते, अशी तेथील रचना आहे. ‘स्लिप’ हे कारण आणि ‘एरर’ हे कार्य. कारण व कार्य यांना लहानमोठे म्हणून एका शिडीवर कसे चढविणार? कायद्याच्या मसुदाकारास जो विवेक सुचला तो भाषाशिक्षकास सुचू नये, हे थोडे आश्चर्यकारक आहे.

‘ब्लंडर’ हा शब्द कारणही सांगत नाही आणि अंतरही मोजत नाही. तो निवाडा देतो. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाने भलत्याच तोफांवर चाल केली. सेनापती रॅग्लनच्या आज्ञेची संदिग्ध भाषा, ती पोहोचविणाऱ्या कॅप्टन नोलनचे अपुरे स्पष्टीकरण, ती स्वीकारणाऱ्या लूकनचा गैरसमज, आणि अखेर कार्डिगनने केलेले पालन, अशी ही साखळी होती. तिच्या प्रत्येक दुव्याला स्वतंत्रपणे ‘मिस्टेक’ म्हणता येईल, आणि इतिहासकार तसे म्हणतातही. परंतु संपूर्ण घटनेविषयी बोलताना टेनिसनने आपल्या प्रसिद्ध कवितेत ‘ब्लंडर’चे क्रियापद योजिले आणि त्याचा कर्ता अनिर्दिष्ट ठेवला. दोषी कोण हे न सांगताही दोष कोणाचा तरी आहे आणि तो अक्षम्य आहे, एवढे त्या एका क्रियापदाने साधते.

याहून उद्बोधक उदाहरण अनुवादाचे आहे. मार्च १८०४ मध्ये नेपोलियनने ड्यूक दांगियां याला देहान्त शिक्षा दिली. त्यावर, हे गुन्ह्याहूनही वाईट झाले, अशा आशयाचे एक वाक्य प्रचलित झाले. त्याचे जनकत्व कोणी फूशेला, कोणी तालेरांला, तर कोणी बूले द ला मर्तला देतात. मूळ फ्रेंच वाक्यात गुन्ह्याच्या विरोधी शब्द ‘फोत’ असा आहे. इंग्रजीत त्याचा सजातीय शब्द ‘फॉल्ट’ उपलब्ध असूनही रूढ झाला तो ‘ब्लंडर’. ही निवड विचारपूर्वक झालेली असो वा नसो, ती बिनचूक आहे. ‘फॉल्ट’ने नैतिक दोष सूचित झाला असता आणि गुन्ह्याशी असलेला विरोधच नष्ट झाला असता, ‘मिस्टेक’ने शासकाला अजाणपणाची सवलत मिळाली असती, ‘एरर’ने वाक्य हिशेबनिसाचे झाले असते. ज्याला कळावयास हवे होते त्याला कळले नाही, हा उपरोध फक्त ‘ब्लंडर’मध्ये आहे. मराठीत ‘घोडचूक’ हा पर्याय त्यातील उपहास चांगला पकडतो. पण त्या शब्दाला घरगुती वास आहे, आणि राजकारणाच्या गंभीर विवेचनात तो अनेकदा विदूषकी वाटतो. अशा स्थळी ‘अक्षम्य प्रमाद’ म्हणणे बरे.

‘स्लिप’ आणि ‘ब्लंडर’ हे एकाच कृतीचे एकाच वेळी नाव होऊ शकते, ही गोष्ट शिडीची कल्पना पूर्णपणे मोडून काढते. २७ नोव्हेंबर २००६ रोजी बॉन येथे संगणकाविरुद्ध खेळताना तत्कालीन बुद्धिबळ जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक याला एका खेळीत होणारी मात दिसली नाही. कारणाच्या दृष्टीने ही ‘स्लिप’ : अवधान क्षणभर निसटले. निवाड्याच्या दृष्टीने हे ‘ब्लंडर’; बुद्धिबळाच्या लेखनपद्धतीत त्यासाठी दोन प्रश्नचिन्हांची खूण आहे, तर साध्या ‘मिस्टेक’साठी एकाच प्रश्नचिन्हाची. बुद्धिबळाच्या क्षेत्रात ही शिडी खरोखरच अस्तित्वात आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथे खेळीचे नुकसान मोजता येते म्हणून ती आहे. व्यवहारात तसे मापन नसते.

‘फ्रॉइडियन स्लिप’ हा प्रयोग तर आत्मविसंगत आहे. फ्रॉइडने १९०१ मध्ये दैनंदिन जीवनातील मनोविकृतीवर लिहिताना जे प्रतिपादिले त्याचा गाभाच असा, की जीभ घसरण्यामागे दडपलेला हेतू असतो. म्हणजे ती घसरलेलीच नसते! जर्मन शब्दात फसणे व साधणे या दोन्ही छटा आहेत. इंग्रजी अनुवादक स्ट्रेची याने ‘पॅराप्रॅक्सिस’ असा नवा शब्द रूढ केला, यामागे ‘स्लिप’ची ही अडचण असावी. लोकांनी मात्र ‘स्लिप’च स्वीकारली.

‘फो पा’, ‘गॅफ’ आणि ‘सॉलिसिझम’ या गटाचे वैशिष्ट्य असे की त्यांना साक्षीदार लागतो. एकान्तात हिशेब चुकेल, एकान्तात ‘गॅफ’ होणार नाही. ‘सॉलिसिझम’ हा मूळचा व्याकरणाचा शब्द. आशिया मायनरमधील सोलॉय येथील वसाहतकारांच्या अशुद्ध ग्रीकवरून तो आला, अशी परंपरा आहे. पुढे तो शिष्टाचारभंगालाही लागू झाला. मम्मटाने दोषप्रकरणात सांगितलेली ‘च्युतसंस्कृती’ त्याच्या व्याकरणविषयक अर्थाच्या अगदी जवळची आहे. ‘गॅफ’मध्ये तर विधान असत्य असण्याचीही आवश्यकता नाही. अमेरिकी पत्रकार मायकेल किन्स्ली याने १९८० च्या दशकात असे मार्मिकपणे सुचविले, की राजकीय पुढारी खरे बोलून जातो तेव्हा ‘गॅफ’ होते. विनोद सोडला तरी अर्थविचाराच्या दृष्टीने हे निरीक्षण मोलाचे आहे. खऱ्या विधानाला ‘एरर’ किंवा ‘मिस्टेक’ म्हणावयाचे तर ते विधान करण्याच्या निर्णयाला म्हणावे लागेल, विधानाला नव्हे. येथे मोडते ते सत्य नसून औचित्य. म्हणून ‘गॅफ’ला चुकीच्या शब्दकुळातून काढून क्षेमेंद्राच्या ‘अनौचित्या’शेजारी बसविणे अधिक योग्य होईल. ‘हाउलर’, म्हणजे उत्तरपत्रिकेतील हास्योत्पादक प्रमाद, हाही साक्षीदारसापेक्षच. फक्त तेथे साक्षीदार हसतो आणि कर्त्याला ते कळतही नाही.

संशोधकांच्या दृष्टीने खरी आपत्ती यापुढे आहे. एस. पिट कॉर्डर याने १९६७ च्या आपल्या निबंधात भाषा शिकणाऱ्याच्या चुकांची द्विधा विभागणी केली. थकव्याने, घाईने, स्मृतिभ्रंशाने घडणारी अनियमित चूक ती ‘मिस्टेक’. शिकणाऱ्याच्या तत्कालीन भाषाज्ञानातून नियमितपणे उद्भवणारी ती ‘एरर’. तेवीस वर्षांनी, १९९० मध्ये, मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन याने मानवी प्रमादांवरील ग्रंथात ‘एरर’ हे सर्वसमावेशक नाव ठेवले. बेत योग्य पण अंमलबजावणी फसली तर ‘स्लिप’ अथवा ‘लॅप्स’, आणि बेतच अयोग्य असेल तर ‘मिस्टेक’, असे ठरविले. म्हणजे कॉर्डरची ‘मिस्टेक’ ती जवळजवळ रीझनची ‘स्लिप’, आणि कॉर्डर ज्या वर्गाला ‘मिस्टेक’ म्हणण्यास नकार देतो तोच रीझनच्या ‘मिस्टेक’मध्ये जातो. ‘गो’चे भूतकाळी रूप ‘गोएड’ असे करणारे मूल घ्या. किंवा ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणणारे मराठी मूल. कॉर्डरच्या मते ही निःसंशय ‘एरर’ आहे. रीझनच्या वर्गीकरणात ती, चांगला नियम अस्थानी लावल्यामुळे झालेली, ‘मिस्टेक’ ठरते. दोघांचेही विवेचन आपापल्या जागी सुसंगत आहे; दोघांनाही एकाच परिच्छेदात ‘चूक’ या एका शब्दाने उद्धृत करणारा प्रबंध मात्र सुसंगत राहू शकत नाही.

कॉर्डरच्या ‘एरर’साठी मराठीत ‘दोष’ योजिला जातो, तेव्हा हानी आणखी वाढते. शिकणाऱ्याचे हे रूप दोष नसून तो भाषेविषयी काही गृहीतके बांधून पाहत असल्याचा पुरावा आहे, हेच तर कॉर्डरला सांगावयाचे होते. ‘दोषविश्लेषण’ या संज्ञेने त्याचा सिद्धान्त नावातच नाकारला जातो. ‘त्रुटी’ त्या मानाने सौम्य, पण तिच्यात उणिवेचा भाव आहे आणि ‘करलं’मध्ये उणे काहीच नाही, उलट नियम गरजेपेक्षा अधिक आहे. ‘नियमित विचलन’ आणि ‘अनवधान’ ही जोडी कॉर्डरपुरती चालण्यासारखी आहे. रीझनसाठी ‘प्रमाद’ हे सामान्य नाव ठेवून त्याखाली ‘स्खलन’, ‘विस्मरण’ आणि ‘विपरीत योजना’ असे तीन भेद करता येतील. ‘लॅप्स’मध्ये त्याला मुख्यतः स्मृतीचे अपयश अभिप्रेत आहे, म्हणून तेथे ‘विस्मरण’ हाच शब्द नेमका पडतो.